मोंगोडीबीत स्कीमा बदलायचा कसा : नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मोंगोडीबी हा डेटाबेस माहिती टेबलांऐवजी डॉक्युमेंटांत, म्हणजे नाव आणि मूल्य असलेल्या फील्डांच्या नोंदींत साठवतो. अशा एखाद्या डॉक्युमेंटात नवे फील्ड लिहिण्यासाठी आधी काहीही जाहीर करावे लागत नाही. रिलेशनल डेटाबेसमध्ये टेबलला नवा कॉलम जोडण्याची आज्ञा द्यावी लागते. इथे मात्र नवे फील्ड असलेले डॉक्युमेंट पाठवले की ते त्याच क्षणी साठवले जाते आणि शेजारचे जुने डॉक्युमेंट होते तसेच राहते. या सोयीमुळे ‘नोएसक्यूएलला (अशा टेबलांविना चालणाऱ्या डेटाबेसना) स्कीमा, म्हणजे माहितीचा ठरलेला आकार, नसतो’ असा समज नव्या प्रोग्रामरांमध्ये पसरलेला आहे, पण तो अर्धवट आहे. स्कीमा असतोच, तो डेटाबेसमधून निघून आपल्या कोडमध्ये जाऊन बसलेला असतो. ‘फोन ही स्ट्रिंग आहे’ असे गृहीत धरणारी कोडची प्रत्येक ओळ हा स्कीमाचाच एक तुकडा असतो, आणि असे तुकडे किती ठिकाणी विखुरले आहेत याची नोंद सहसा कोणी ठेवलेली नसते. म्हणून डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये स्कीमा बदलणे म्हणजे जुन्या आणि नव्या आकाराची डॉक्युमेंटे काही काळ एकत्र नांदतील अशी व्यवस्था करणे. त्या व्यवस्थेत कोणते पाऊल कोणत्या पावलाआधी टाकायचे, हाच या लेखाचा विषय आहे.

समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदांचे ‘सभासद’ नावाचे कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटांचा संच, आहे. प्रत्येक डॉक्युमेंटात ‘फोन’ नावाचे एक फील्ड असून त्यात एक स्ट्रिंग आहे. आता सभासदाला दोन-तीन क्रमांक नोंदवता यावेत आणि प्रत्येक क्रमांकाचा प्रकार, म्हणजे मोबाइल की घरचा, हेही कळावे, अशी मागणी आली आहे. म्हणजे एका स्ट्रिंगच्या जागी वस्तूंची (ऑब्जेक्टची) अ‍ॅरे हवी आहे. बदल लहान दिसतो, पण या विषयातल्या बहुतेक अडचणी त्यात येऊन जातात.

पायरी १ : जे आहे ते आधी मोजून घ्या

डेटाबेसमध्ये काय आहे हे आपल्याला माहीत आहे, असे समजून कामाला लागू नये. अ‍ॅग्रिगेशनमधला (डॉक्युमेंटांवर एकामागून एक पायऱ्या चालवून निकाल काढणाऱ्या क्वेरीतला) टाइप ऑपरेटर वापरून ‘फोन’ फील्डच्या प्रकारानुसार डॉक्युमेंटांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाची संख्या काढावी. स्ट्रिंग किती, संख्या म्हणून साठवलेले किती, नल (फील्ड आहे पण मूल्य रिकामे) किती आणि फील्डच नाही असे किती, हे एका क्वेरीत समोर येते. फील्डच नसेल तर हा ऑपरेटर ‘मिसिंग’ असे उत्तर देतो, आणि हा भेद महत्त्वाचा आहे, कारण साध्या शोधात ‘फोन नल आहे’ अशी अट दिली तर नल असलेली आणि फील्डच नसलेली अशी दोन्ही डॉक्युमेंटे मिळतात. फक्त खरोखरचे नल हवे असतील तर प्रकाराची अट वेगळी द्यावी लागते.

प्रकारांची सरमिसळ किती महागात पडते, हे मी एका प्रकल्पात अनुभवले आहे. काही डॉक्युमेंटांत तारीख ही तारीख म्हणूनच होती, तर एका जुन्या आयात-स्क्रिप्टने घातलेल्या डॉक्युमेंटांत ती स्ट्रिंग होती. मोंगोडीबीमध्ये ‘अमुक तारखेनंतरचे’ अशी तुलना साधारणपणे त्याच प्रकारच्या मूल्यांपुरती चालते. त्यामुळे स्ट्रिंग असलेली डॉक्युमेंटे अहवालात कधी आलीच नाहीत. चूक दाखवणारा संदेश नाही, कोड बंद पडणे नाही. अहवाल नुसता तोकडा येत होता आणि तो तोकडा आहे हे कळायला फार वेळ गेला. तेव्हापासून मोजणीच्या पायरीत मी कधीही घाई करत नाही.

प्रकार मोजून झाले की मूल्ये डोळ्यांखालून घालावीत. सॅम्पल ही पायरी वापरून दोनशे-तीनशे डॉक्युमेंटे सहजगत्या उचलून वाचावीत. आपल्या उदाहरणात काय सापडेल याचा अंदाज कोणत्याही वाचनालयाच्या रजिस्टरवरून बांधता येतो : कोणी आधी शून्य लिहिलेले असते, कोणी अधिक एक्क्याण्णव, पुण्यातल्या घरच्या फोनला ०२० लावलेले असते, तर कुठे शहराचा कोड गाळलेला असतो, एकाच स्ट्रिंगमध्ये तिरकी रेघ देऊन दोन क्रमांक कोंबलेले असतात, आणि मराठी कीबोर्डवरून भरलेल्या नोंदींत अंक देवनागरी असतात. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये ‘कोणताही अंक’ या अर्थाच्या चिन्हाला देवनागरी अंक जुळत नाहीत, तर पायथन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर तेच चिन्ह देवनागरी अंकांनाही जुळते. म्हणजे दोन भाषांत लिहिलेल्या दोन स्क्रिप्ट एकाच डेटावर वेगवेगळे निकाल देऊ शकतात.

याच पायरीत ‘फोन’ हे फील्ड कोण कोण वाचते आणि कोण लिहिते याची यादी करावी. वेब अ‍ॅप्लिकेशन सगळ्यांच्या लक्षात राहते. रात्री चालणारी अहवालाची स्क्रिप्ट, मुदत संपलेल्या पुस्तकांसाठी एसएमएस पाठवणारा प्रोग्राम आणि कोणीतरी महिन्यातून एकदा हाताने चालवत असलेला एक्सेलचा निर्यात-प्रोग्राम मात्र विसरले जातात.

पायरी २ : नव्या आकाराला नवे नाव द्या

‘फोन’ हेच नाव ठेवून आतला प्रकार स्ट्रिंगवरून अ‍ॅरेवर नेण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे ठाम मत आहे. एकाच नावाखाली दोन प्रकार राहू लागले की कोडमधल्या चुका लपतात. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगलाही लांबी असते आणि अ‍ॅरेलाही. ‘पहिला घटक’ मागितला तर अ‍ॅरे पहिला क्रमांक देते आणि स्ट्रिंग पहिले अक्षर. दोन्हीकडे कोड निमूटपणे चालतो आणि एसएमएस ‘९’ या क्रमांकावर पाठवण्याचा प्रयत्न होतो. खुद्द डेटाबेसही इथे इशारा देत नाही, कारण ‘फोन बरोबर अमुक’ अशी अट त्या मूल्याच्या स्ट्रिंगला जुळते, तशीच ते मूल्य ज्यात आहे अशा स्ट्रिंगच्या अ‍ॅरेलाही जुळते. म्हणून नव्या फील्डला ‘फोनयादी’ असे वेगळे नाव द्यावे. जुने आणि नवे शेजारी-शेजारी राहतील, आणि कोणते डॉक्युमेंट कुठवर पोहोचले आहे हे नुसत्या फील्डच्या असण्यावरून कळेल.

याच्या जोडीला प्रत्येक डॉक्युमेंटात ‘स्कीमाआवृत्ती’ असे एक पूर्णांकी फील्ड ठेवण्याची पद्धत मोंगोडीबीच्या जगात रूढ आहे. ते फील्ड नसेल तर आवृत्ती १ मानायची, असा नियम केला की जुन्या डॉक्युमेंटांना हात न लावता सुरुवात करता येते. नोडजेएसमध्ये मंगूस ही लायब्ररी वापरणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी : ती लायब्ररी स्वतःहून दोन अंडरस्कोर आणि व्ही अशा नावाचे जे फील्ड घालते, ते स्कीमाच्या आवृत्तीसाठी नसते, अ‍ॅरेत एकाच वेळी झालेले परस्परविरोधी बदल ओळखण्यासाठी ते असते. आपला आवृत्तीक्रमांक त्यात कोंबू नये.

पायरी ३ : दोन्हीकडे लिहा, पण खरे जुन्यालाच माना

आता कोडची पहिली नवी आवृत्ती तयार करायची. ती सभासदाचा फोन साठवताना ‘फोन’ आणि ‘फोनयादी’ अशी दोन्ही फील्डे एकाच अपडेटमध्ये लिहील. एका डॉक्युमेंटावरचे एक अपडेट मोंगोडीबीत अखंड असते, म्हणजे एक फील्ड बदलले आणि दुसरे राहिले असे होत नाही. म्हणून ही दोन लेखने दोन वेगळ्या आज्ञांत मुळीच विभागू नयेत. वाचताना मात्र हा कोड अजूनही ‘फोन’ हेच फील्ड वाचेल.

इथे नवशिके हमखास विचारतात, की नवे फील्ड तयार आहे तर ते लगेच वाचायला काय हरकत आहे? हरकत अशी, की नवी आवृत्ती सर्व्हरवर चढत असताना जुनी आवृत्तीही काही मिनिटे, कधी काही तास, शेजारी चालू असते. समजा नव्या कोडने एका सभासदाची ‘फोनयादी’ लिहिली आणि पाच मिनिटांनी त्याच सभासदाने क्रमांक बदलला, पण ती विनंती जुन्या कोडकडे गेली. जुना कोड फक्त ‘फोन’ बदलेल. ‘फोनयादी’त शिळा क्रमांक राहील. जोवर सगळे जण ‘फोन’ वाचत आहेत तोवर यातून कोणाचेही नुकसान होत नाही. ज्या क्षणी काही जण ‘फोनयादी’ वाचू लागतील, त्या क्षणी एकाच सभासदाचे दोन खरे क्रमांक तयार होतील.

जुन्या कोडची आणखी एक सवय तपासून घ्यावी. तो डॉक्युमेंट वाचून, आपल्या क्लासमध्ये भरून, बदल करून संपूर्ण डॉक्युमेंट परत जागेवर ठेवत असेल, म्हणजे रिप्लेस करत असेल, तर त्या क्लासला माहीत नसलेली नवी फील्डे त्या लेखनात पुसली जातात. फक्त बदललेली फील्डे सेट करणारा कोड हे नुकसान करत नाही. आपल्या क्रमात ‘फोन’ अजून खरे असल्यामुळे पुसलेली ‘फोनयादी’ पुढच्या पायरीत पुन्हा भरता येते, पण रिप्लेसची ही सवय शक्य तितक्या लवकर काढून टाकावी. पुढच्या प्रत्येक बदलात ती आडवी येते.

पायरी ४ : जुनी डॉक्युमेंटे भरून काढा

जुना कोड सगळीकडून पूर्णपणे उतरला आहे याची खात्री झाल्यावरच हे काम सुरू करावे. आधी बॅकअप घ्यावा, आणि तो दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहावा. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये. मायग्रेशनची, म्हणजे डेटा नव्या आकारात आणणारी, स्क्रिप्टही आधी त्या उतरवलेल्या प्रतीवर चालवावी.

सगळ्या कलेक्शनवर एकच मोठे अपडेट चालवण्याचा मार्ग सोपा वाटतो, मोंगोडीबी ४.२ पासून अपडेटमध्ये अ‍ॅग्रिगेशनच्या पायऱ्या देता येतात, त्यामुळे एका फील्डवरून दुसरे फील्ड डेटाबेसमध्येच तयार करता येते. साध्या बदलासाठी, काही हजार डॉक्युमेंटांपुरता, हा मार्ग चांगला आहे. मोठ्या कलेक्शनवर मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. अनेक डॉक्युमेंटांवरचे अपडेट एकत्रितपणे अखंड नसते; मध्येच थांबले तर निम्मी डॉक्युमेंटे बदललेली आणि निम्मी तशीच राहतात. शिवाय बदललेल्या प्रत्येक डॉक्युमेंटाची स्वतंत्र नोंद ऑपलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, होते आणि प्रत्येक सेकंडरी सर्व्हरला, म्हणजे डेटाची प्रत सांभाळणाऱ्या सर्व्हरला, ती नोंद पुन्हा राबवावी लागते. लाखो नोंदी एकदम आल्या की सेकंडरी मागे पडतात, आणि फारच मागे पडला तर ऑपलॉगमधल्या जुन्या नोंदी त्याच्या हाती लागण्यापूर्वीच पुसल्या जाऊन त्या सर्व्हरचे संपूर्ण सिंक नव्याने करावे लागते.

म्हणून काम लहान बॅचमध्ये करावे. डॉक्युमेंटे आयडीच्या क्रमाने घ्यावीत, एका वेळी पाचशे ते हजार. प्रत्येक बॅचनंतर शेवटचा आयडी कुठेतरी लिहून ठेवावा आणि थोडे थांबावे. स्क्रिप्ट मध्येच बंद पडली तर त्या आयडीपासून पुढे सुरू करता येते. ती दोनदा चालली तरी निकाल तोच यावा, अशा रीतीने ती लिहावी.

आता सर्वांत महत्त्वाचा बारकावा. स्क्रिप्टने एक डॉक्युमेंट वाचले, त्यावरून ‘फोनयादी’ तयार केली, आणि ती लिहिण्यापूर्वी अर्ध्या सेकंदात सभासदाने क्रमांक बदलला, तर स्क्रिप्ट जुन्या क्रमांकाची यादी नव्यावर लिहून टाकेल. यावर उपाय साधा आहे : अपडेटच्या अटीत आयडीबरोबर ‘फोन’चे वाचलेले मूल्यही द्यावे. मूल्य मधल्या काळात बदलले असेल तर अट जुळणार नाही, अपडेट होणार नाही, आणि ते डॉक्युमेंट पुढच्या फेरीत पुन्हा येईल. एवढ्या एका अटीने वाचनालय चालू असतानाही मायग्रेशन निर्धास्तपणे चालवता येते.

ज्या स्ट्रिंगचा उलगडा होत नाही, तिच्याबाबतीत अंदाज बांधू नये. शहराचा कोड गाळलेला सात-आठ आकडी क्रमांक पुण्याचा असावा असे वाटले, तरी तो नाशिकच्या नातेवाइकाचा असू शकतो. अशी डॉक्युमेंटे ‘तपासणीबाकी’ अशी खूण करून बाजूला ठेवावीत आणि त्यांची यादी ग्रंथपालांकडे द्यावी. सभासदांना ओळखणारा माणूस जे काम एका सकाळी करतो, ते करण्यासाठी प्रोग्रामरने नियमांवर नियम रचत बसू नये.

सगळी डॉक्युमेंटे भरून काढण्याऐवजी, जे डॉक्युमेंट वाचले जाईल तेवढेच नव्या आकारात आणून साठवायचे, असाही एक मार्ग आहे. कलेक्शन फार मोठे असेल आणि त्यातला बराचसा भाग वर्षानुवर्षे कोणी उघडतच नसेल, तर तो विचारात घेण्याजोगा आहे. पण त्याची मर्यादा समजून घ्यावी : कोड एक डॉक्युमेंट वाचताना त्याचा आकार पाहून वागू शकतो, क्वेरीला मात्र ते जमत नाही. ‘फोनयादी’तल्या क्रमांकावरून सभासद शोधला तर न उघडलेली जुनी डॉक्युमेंटे सापडणारच नाहीत, आणि प्रत्येक शोधात दोन्ही आकारांच्या अटी अनिश्चित काळ लिहीत राहावे लागेल. गूगलच्या फायरस्टोअरसारख्या डेटाबेसमध्ये हे जास्त खुपते, कारण तिथे एखाद्या फील्डनुसार क्रम लावला की ते फील्ड नसलेली डॉक्युमेंटे निकालातून सरळ वगळली जातात. शिवाय तिथे मोबाइल अ‍ॅप अनेकदा थेट डेटाबेसशी बोलते, आणि लोकांच्या फोनमधली जुनी अ‍ॅप आपल्याला बंद करता येत नाहीत. तेव्हा दोन्हीकडे लिहिण्याचा काळ तिथे महिन्यांमध्ये मोजावा लागतो.

पायरी ५ : पडताळा, इंडेक्स बांधा, मग वाचन वळवा

वाचन वळवण्यापूर्वी दोन्ही फील्डांचा मेळ बसतो का हे मोजावे. ‘फोन’ आहे पण ‘फोनयादी’ नाही अशी डॉक्युमेंटे किती, आणि दोन्ही आहेत पण यादीतला पहिला क्रमांक जुन्या स्ट्रिंगमधल्या पहिल्या क्रमांकाशी जुळत नाही अशी किती. तपासणीबाकी सोडता दोन्ही संख्या शून्य येईपर्यंत पुढे जाऊ नये.

‘फोनयादी’तल्या क्रमांकावर शोध घ्यायचा असेल तर त्याचा इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, आधी बांधून तयार हवा. ४.२ पासून इंडेक्स बांधताना कलेक्शन फक्त सुरुवातीला आणि शेवटी थोडा वेळ अडवले जाते, तरीही गर्दीची वेळ टाळावी. जुना इंडेक्स लगेच काढू नये. ४.४ पासून इंडेक्स लपवता येतो. लपवलेला इंडेक्स क्वेरींना दिसत नाही, पण अद्ययावत राहतो, त्यामुळे तो कोणाला अजून लागत होता असे आढळले तर त्याच क्षणी परत आणता येतो. नव्या फील्डवर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच मूल्य दोन डॉक्युमेंटांत येऊ न देणारा इंडेक्स, हवा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी : फील्ड नसलेले डॉक्युमेंट हे नल असल्यासारखे धरले जाते, आणि असे दुसरे डॉक्युमेंट आले की युनिकचा नियम मोडतो. ज्यांत फील्ड आहे अशाच डॉक्युमेंटांपुरता पार्शल इंडेक्स केला की ही अडचण राहत नाही.

त्यानंतर कोडची अशी आवृत्ती चढवावी, जी ‘फोनयादी’ वाचते आणि अजूनही दोन्हीकडे लिहिते. काही बिघडले तर आधीच्या आवृत्तीवर परतता येते, कारण ‘फोन’ही ताजे आहे. मात्र दुसरा क्रमांक भरण्याची सोय अजून सभासदांना देऊ नये. ती दिली आणि नंतर मागच्या आवृत्तीवर परतावे लागले, तर तो कोड एका ‘फोन’वरून यादी पुन्हा तयार करेल आणि सभासदाने भरलेला दुसरा क्रमांक पुसला जाईल. परतण्याची गरज संपली असे ठरवल्यानंतरच ते बटण दाखवावे.

पायरी ६ : नियम डेटाबेसला सांगा

मोंगोडीबीमध्ये डॉक्युमेंटांची तपासणी २०१५ च्या ३.२ आवृत्तीपासून आहे, आणि जेसन स्कीमाच्या (फील्डे आणि त्यांचे प्रकार सांगण्याच्या प्रमाणित पद्धतीच्या) रूपात नियम देण्याची सोय २०१७ च्या ३.६ पासून. चालू कलेक्शनवर ‘कॉलमॉड’ या आज्ञेने नियम लावता येतो. ‘फोनयादी’ अ‍ॅरे असावी, तिच्या प्रत्येक घटकात क्रमांक ही स्ट्रिंग असावी आणि प्रकार ठरलेल्या शब्दांपैकी एक असावा, एवढे सांगितले तरी विसरलेल्या स्क्रिप्टचा बंदोबस्त होतो.

नियमासोबत दोन गोष्टी ठरवता येतात : तो मोडला तर काय करायचे ही ‘कृती’ आणि तो कोणत्या डॉक्युमेंटांना लावायचा ही ‘पातळी’. सुरुवातीला कृती ‘वॉर्न’ ठेवावी. मग नियम मोडणारे लेखन अडवले जात नाही, पण त्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये होते. काही दिवस तो लॉग वाचावा. पहिल्या पायरीतल्या यादीत न आलेला लेखक बहुधा इथे सापडतो. पातळी ‘मॉडरेट’ ठेवली तर आधीपासून नियमात न बसणाऱ्या डॉक्युमेंटांवरची अपडेट तपासली जात नाहीत, आणि तपासणीबाकी सभासदांचे व्यवहार अडत नाहीत. लॉग शांत झाला की कृती ‘एरर’ आणि पुढे पातळी ‘स्ट्रिक्ट’ करावी. नियम लावल्याने आधीची डॉक्युमेंटे तपासली जात नाहीत हे विसरू नये; त्यांच्यासाठी तोच जेसन स्कीमा ‘नॉर’ ऑपरेटरमध्ये घालून न बसणारी डॉक्युमेंटे शोधून काढावीत. सांगितलेल्या फील्डांखेरीज इतर फील्डे नकोत असा कडक नियम लावायचा असेल, तर त्या यादीत अंडरस्कोर-आयडी हे फील्डही लिहावे लागते, अन्यथा प्रत्येक डॉक्युमेंट नाकारले जाईल.

पायरी ७ : जुने फील्ड काढा

आधी कोडमधून ‘फोन’चे लेखन काढावे. त्यानंतर निदान एक पूर्ण महिना जाऊ द्यावा, कारण महिनाअखेरीचे अहवाल आणि हाताने चालणाऱ्या स्क्रिप्ट तेवढ्या काळात एकदा तरी चालतात, आणि कोणी अजून ‘फोन’ वाचत असेल तर त्याची तक्रार डेटा हातात असतानाच येते. मग चौथ्या पायरीसारख्याच बॅचमध्ये ‘फोन’ फील्ड अनसेट करावे, स्कीमाआवृत्ती त्याच अपडेटमध्ये २ करावी, आणि लपवलेला जुना इंडेक्स काढून टाकावा.

मायग्रेशनची स्क्रिप्ट मात्र काढू नये. ती कोडच्या भांडारात तारखेसह राहू द्यावी. सहा महिन्यांपूर्वीचा बॅकअप उतरवण्याची वेळ आली, तर त्यातली सगळी डॉक्युमेंटे आवृत्ती १ ची असतील आणि चालू कोडला ‘फोन’ म्हणजे काय हे ठाऊक नसेल. अशा वेळी बॅकअप उतरवल्यावर, अ‍ॅप्लिकेशन सुरू करण्याआधी, तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवावी लागते. म्हणून बॅकअप उतरवण्याच्या लेखी सूचनांमध्ये तिचे नाव आणि तिचा क्रम आजच लिहून ठेवावा.